सुमनबाईंच्या हस्ते

नांदेडच्या एका कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, नाताळनिमित्त गोरगरिबांना ब्लँकेटे वाटण्याचे ठरले. यात हसण्यासारखे काही नाही. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात घराघरांतून मटण बंद होते, मुलांनी गोळ्या-बिस्किटे सोडली होती, आणि त्या वाचवलेल्या पैशांतून जाड, खरोखर उबदार ब्लँकेटे आली होती. अडचण देणाऱ्यांची नव्हतीच, घेणाऱ्यांची होती.

वाटप समितीचे अध्यक्ष स्टॅनिसलाव साळवे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले दूरदर्शी गृहस्थ. हल्लीचे दिवस पाहता कोणत्याही लाभार्थ्याला नाव, जात, धर्म किंवा अडचण विचारू नये, अशी सूचना त्यांनी मांडली. विचारले, की धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप होतो.

"मग गरीब ओळखायचा कसा?" फादरांनी विचारले.

"दिसतोच की, फादर."

ठराव एकमताने संमत झाला. जो पाहताक्षणी गरीब दिसेल, तो गरीब.

सुमनबाई विष्णुपुरीच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडी घासत. लेक लुंबिनी बाळंतपणाला माहेरी आली होती. गोदावरीवरचा वारा पत्र्याच्या फटींतून थेट तिच्या अंगावर येई, आणि घरातले पांघरूण बाळावर घातले की बाळंतीण उघडी पडे. ब्लँकेटांची बातमी ऐकून सुमनबाईंनी रजा घेतली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसतात ती निळ्या काठाची पांढरी साडी त्यांनी काढली, इस्त्री करून आणली, आणि गार वाऱ्यासाठी पदर डोक्यावरून घेतला.

"आई, मागायला चाललीस का लग्नाला?" लुंबिनी म्हणाली.

"लोकांचा सण हाय बाई. कळकट जाऊन कशाला नासवायचा?"

निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली, की कॅथलिक माणसाच्या मनात सेवाव्रती सिस्टरखेरीज दुसरा विचार येत नाही. साळवे फाटकापर्यंत धावत आले.

"या सिस्टर, या. कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

सुमनबाईंना वाटले, या लोकांची रीतच असेल. लाभार्थ्याला काही विचारायचे नाही हे ठरलेच होते, आणि पाहुण्याला कोण म्हणून विचारणे असभ्य. त्यामुळे त्यांना कोणीच काही विचारले नाही. मंचावर खुर्ची मिळाली, केक मिळाला.

"साहेब, मी ब्लँकेटासाठी आलेय," त्या संकोचून म्हणाल्या.

"आम्हीही सगळे त्यासाठीच जमलोत, सिस्टर. तुमच्याच हस्ते सुरुवात करू."

सुमनबाई वाटू लागल्या. रांगेत शेजारचा हमाल नरसिंग निघाला.

"मावशे, तू हितं वर कशी?"

"मलाबी कळंना. धर, मागचे खोळंबलेत."

मध्येच त्यांनी एक ब्लँकेट हळूच खुर्चीखाली सरकवले. कार्यकर्त्याने ते अदबीने उचलून परत त्यांच्या हातात ठेवले. "सिस्टर, हे खाली पडलं होतं." तेही गेले. मग शेवटचेही गेले. शाल आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला, आणि दोन शब्द बोलण्यासाठी माइक त्यांच्यासमोर धरण्यात आला.

"माझं ब्लँकेट राहिलं," सुमनबाई म्हणाल्या. "लेक बाळंतीण हाय घरी. मी सिस्टर-बिस्टर न्हाई. मेसमधी भांडे घासते."

नम्रतेची ही पराकाष्ठा पाहून पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. साळव्यांनी वाजवल्या नाहीत. मंचामागे समितीची तातडीची बैठक भरली.

"ही बाई लाभार्थी असेल," साळवे म्हणाले, "तर आज लाभार्थ्याने लाभार्थ्यांना वाटलं. म्हणजे आपण काहीच दिलं नाही. हे नियमित करायचं, तर सगळी ब्लँकेटं परत घेऊन योग्य हस्ते पुन्हा वाटावी लागतील."

हे कानावर पडताच नरसिंगने ब्लँकेट डोक्यावरून गुंडाळले आणि तो फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागे सगळी रांग गेली.

"बाजारातून एक आणून तिला देऊ या," फादर हळूच म्हणाले.

"वाटप संपलंय, फादर. आता दिलं, तर एकटीला, अडचण ऐकून, गुपचूप दिल्यासारखं होईल. आमिष म्हणतात ते हेच."

सुमनबाई पाहुण्याच राहाव्यात, असे ठरले.

"तुम्हाला शाल मिळाली आहे, बाई. ब्लँकेटापेक्षा महाग असते ती."

सुमनबाईंनी शाल उजेडात धरली. "हिच्यातून आरपार दिसून राहिलं, साहेब. वारा कसा अडायचा?"

"शालीत ऊब नसते," साळवे समजुतीने म्हणाले. "सन्मान असतो."

फोटो पेपरात आला आणि उत्तम आला. तेव्हापासून ठिकठिकाणच्या वाटपांना सुमनबाईंना बोलावणे येते. हिमायतनगरला एका मंडळाने बोलावले, मुरुडला व्यापाऱ्यांनी. त्या साडीला इस्त्री करतात, जातात, वाटतात आणि शाल घेऊन परततात. लुंबिनी शालीवर शाल ठेवून टाके घालते. अजून तीन-चार मिळाल्या, तर वारा अडेल, असा तिचा अंदाज आहे.

थंडी सरायच्या आत वाचकांपैकी कोणाकडे वाटप असल्यास सुमनबाईंना अवश्य बोलवावे. मात्र दया येऊन कोणी सरळ घरी जाऊन ब्लँकेट देऊ नये. ते कोणाच्या हस्ते दिले गेले, हे मग कोणालाच कळणार नाही.