व्हर्नाच्या खोलीतला वास

बायको व्हर्ना गेल्यानंतर सातव्या आठवड्यात ऑरिन टटलने तिच्या खोलीची खिडकी कायमची बंद केली. कडी घातली, फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून रुंद चिकटपट्टी मारली. खोलीत तिचा वास होता. शेवटच्या हिवाळ्यात तिच्या पाठीला मलम चोळायचे, त्याचा कापरासारखा वास. चादरी धुऊन झाल्या होत्या, उशी तिच्याबरोबर शवपेटीत गेली होती. एवढा वासच उरला होता आणि तो त्याला जाऊ द्यायचा नव्हता.

"ऑरिन, गुदमरून मरशील," मॅक्सिन म्हणाली. ही व्हर्नाची थोरली बहीण. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीसाठी तिचे कपडे न्यायला आली होती.

"मरू दे."

"तुला काय जातंय म्हणायला! दफनानंतरच्या जेवणाला परत तीस माणसांसाठी हॅम मला भाजावं लागेल."

त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. कपडे हलवले तर वासही हलला असता. "शनिवारी खोकी घेऊन येते," असं बजावून ती गेली.

त्याच खोलीत ऑरिनचं काचेचं कपाट होतं. त्यात एकतीस जुने अमेरिकन वस्तरे. त्यांच्या लिटल व्हॅली गावात पूर्वी वस्तऱ्यांचे कारखाने होते. त्याचे आजोबा तिथे सहाणेवर धार लावायला बसायचे. कारखाने गेले, आणि ऑरिनने चाळीस वर्षं गावोगावच्या जुन्या बाजारांतून गंजके वस्तरे शोधून, घासून, धार लावून उभे केले. व्हर्ना अंथरुणाला खिळली तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून त्याने कपाट तिच्या खोलीत आणलं. तिच्या उशाशी बसून तो पाती घासायचा.

आता तो रोज तिथे तासभर बसायचा, पण कपाटाकडे बघतही नव्हता. आत गेलं की पाचव्या मिनिटाला डोळ्यांतून धारा लागायच्या. हे त्याला बरोबरच वाटत होतं. पाद्री भेटायला आला, त्याला ऑरिनने तिथेच बसवलं. ह्या माणसाने अंत्यविधीत व्हर्नाला दोनदा 'व्हेल्मा' म्हटलं होतं. पण दहा मिनिटांत त्याचेही डोळे लाल झाले, प्रार्थना अर्धी सोडून तो रुमाल शोधू लागला. ऑरिनने त्याला मनातल्या मनात माफ केलं. पुढच्या दिवशी मॅकरोनीचं भांडं घेऊन आलेली शेजारीण तर हुंदके देत बाहेर पळाली. खरं तर तो खोकला होता. व्हर्नावर लोकांचा इतका जीव होता हे ऑरिनला माहीतच नव्हतं.

शनिवारी ड्यूई स्टॉल आला. ड्यूईही वस्तरेवालाच. ओलियनला वस्तरे जमवणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात मांडायला बारा वस्तरे निवडायचे होते. तो उंबऱ्यातच थबकला आणि दोनदा नाक ओढलं.

"ऑरिन, सेल्युलॉइड कुठं ठेवलंयस?"

"गॅरेजात, उघड्या फळीवर. मला काय नवखा समजलास?"

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या असतात. ते नासायला लागलं की आधी कापराचा वास सुटतो, मग डोळे चुरचुरतात, आणि त्याच्या वाफेने आसपासचं सगळं पोलाद गंजतं. त्या मुठी बंद कपाटात ठेवायच्या नाहीत, यावर मेळाव्यात दरवर्षी भाषण व्हायचं. भाषण ऑरिनच करायचा.

ड्यूईने कपाट उघडलं आणि तोंडावर बाही धरली. एकतीसच्या एकतीस पाती तपकिरी झाली होती. मधोमध मखमलीवर एक पिवळट मुठीचा वस्तरा होता. त्याची मूठ घामेजली होती, चिरली होती, कडेने हिरवी पडली होती.

"हा कुठला रे?"

"व्हर्नानं दिला. लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा."

"अरे बाबा, हे सेल्युलॉइड आहे!"

"तिनं हस्तिदंत म्हणून घेतला होता."

"आणि तू?"

"मी म्हणालो, वा, हस्तिदंत!"

एकदा हस्तिदंत म्हटल्यावर तो कपाटातच ठेवणं भाग होतं. गॅरेजच्या फळीवर दिसला असता तर तिने विचारलं असतं. आणि तीस वर्षं म्हणता म्हणता ऑरिनलाही तो हस्तिदंतच वाटायला लागला होता.

"म्हणजे हा वास..." ड्यूई म्हणाला.

"मलमाचा आहे," ऑरिन घाईघाईने म्हणाला.

"कुठलं मलम?" दारात खोकी घेऊन मॅक्सिन उभी होती. "चार महिने मी चोळलंय ते. त्याला कसलाही वास नव्हता. व्हर्नाच म्हणायची, माझा वस्तरा नासलाय गं, डोकं भणभणतं."

"मग मला का नाही बोलली?"

"रोज खिडकी उघड म्हणत नव्हती?"

"मला वाटलं, तिला उकडतंय."

"जानेवारीत?"

मॅक्सिनने खोकी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "ते हस्तिदंत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण तू किती कौतुकानं मधोमध मांडलास. म्हणाली, आता कुठं त्याचं मन मोडू."

ऑरिन उठला. चिकटपट्टी नखाने निघेना. त्याने कपाटातून व्हर्नाचा वस्तरा घेतला. तीस वर्षांत त्या पात्याने एक केसही कापला नव्हता.

"अरे लेका, पातं!" ड्यूई ओरडला.

"पातं गेलंच आहे." ऑरिनने खिडकीच्या चारी कडांनी पट्टी कापली आणि तावदान वर ढकललं.

ड्यूईने पक्कड घेऊन ती मूठ सुटी केली आणि पत्र्याच्या बादलीतून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली. मॅक्सिनने कपडे खोक्यांत भरले. यावेळी ऑरिन आड आला नाही. अर्ध्या तासात खोलीत फक्त बाहेरच्या ओल्या मातीचा वास उरला.

ऑरिन पलंगाच्या कडेला बिनमुठीचं पातं घेऊन बसला होता. डोळ्यांतून पाणी गळतच होतं.

"ड्यूई, अजून आहे का रे वास?"

ड्यूईने खोलवर श्वास घेतला. मॅक्सिनने त्याच्याकडे पाहिलं.

"आहे थोडा," ड्यूई म्हणाला.