नेनेबाईंची शब्दशक्ती

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नेनेबाई माणसाच्या बोलण्याला आधी नाव देतात, मग उत्तर. मागे लिफ्ट अडकली तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं, "मेलो, मेलो! युगं झाली इथे!" बाहेर उभ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अतिशयोक्ती. आत्ता तर अडकलीये." मग वॉचमनला बोलावलं.

भाजीवाला "लोण्यावानी वांगी हायेत, बाई" म्हणाला की उपमा. "वांगी कसली, लोणीच हाय" म्हणाला की रूपक. रूपकाच्या दिवशी बाई वांगी घेत नाहीत. उपमा देणारा निदान फरक मान्य करतो, असं त्यांचं म्हणणं.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि इथे धायरीला आल्या. शाळा सुटली, खोड सुटली नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि पहिलीच नोटीस लावली, 'टाकी धुण्यात येणार असल्याने सहकार्य करावे.' संध्याकाळी बाई दारात.

"कोणी करावं? टाकीनं? उद्देश्य कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून, पन्नाशीला टेकलेला मी, त्यांच्याकडे शिकवणीला. उद्देश्य, विधेय, केवल वाक्य, मिश्र वाक्य. गृहपाठ नसेल तर चहा नाही.

नेनेकाका तिथेच खिडकीशी खुर्चीत असतात. टेलिफोन खात्यातला गप्पिष्ट माणूस. बायकोच्या या संज्ञांना ते आयुष्यभर हसत आले. "अगं, सरळ सांग की!" हे त्यांचं पालुपद. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. उरला एकच शब्द, पेरू. पाणी हवं, पेरू. पंखा लावा, पेरू. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या कानांवर बोलणं पडू द्या, कदाचित आणखी शब्द येतील. माझी शिकवणी खरं तर त्यासाठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

काकांनी "पेरू" म्हटलं, की बाई माझी परीक्षा घेतात.

"अभिधा?"

"सरळ अर्थ. फळ."

"व्यंजना?"

"सुचवलेला अर्थ. चहा?"

"चूक. चष्मा."

आणि काका समाधानाने चष्मा लावतात. बाईंचं कधी चुकत नाही.

परवा चुकलं. मी एक मिश्र वाक्य फोडत बसलो होतो. काका म्हणाले, "पेरू." बाईंनी पाणी दिलं. काकांनी मान हलवली. चष्मा, पंखा, पाठीशी उशी, सगळ्याला नाहीच. बाईंचा आवाज चढला.

"अहो, मग हवंय तरी काय? सरळ सांगा की!"

बोलून गेल्या आणि स्वतःच तोंडावर हात धरला. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं, की वहीतून मान लगेच वर करवेना.

काकांनी आपला धड हात सावकाश उचलला, बाईंच्या कपाळावर आलेली बट मागे सारली आणि अगदी हळू म्हणाले, "पेरू."

मी सवयीने संज्ञेची वाट पाहिली. बाईंनी नाव दिलं नाही. त्यांनी तो हात गालाशी धरून ठेवला होता आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा झालाय ना तुमचा? मग निघा आता."

आज्ञार्थी वाक्य. मी निघालो आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.