माझ्या मापाचा झुला

एरवी मी कशाचीच खात्री देत नाही, पण झुल्यात बसणं मला येतं, हे छातीठोकपणे सांगतो! आमच्या मेरिदा शहरात पोर चालण्याआधी झुल्यात चढतं. मी तर उभा जन्म झुल्यात पडून पुस्तकं वाचण्यात घालवलाय.

म्हणून माझी नात इत्सेल म्हणाली, "आजोबा, गृहसजावटीच्या शेवटच्या परीक्षेसाठी तुमची वाचनाची खोली करते," तेव्हा मी लगेच मान डोलावली.

"खोली माणसाच्या मापाची हवी. पहिल्याच वर्षी शिकवतात आम्हाला," ती टेप उलगडत म्हणाली. "सरळ उभे राहा."

नेमक्या तेव्हाच शेजारच्या ओतिलियाबाई दारात आल्या. "अन्सेल्मोराव, मोजण्याइतकी उंची उरलीय का अजून?"

मी चवड्यांवर उभा राहिलो. विजार लांब, त्यामुळे टाचा कुणाला दिसल्या नाहीत. त्या मापानं भिंतीत झुला अडकवायचे आकडे बसले. सिमेंट वाळायला वेळ लागला, म्हणून झुला टांगला तो थेट परीक्षेच्या सकाळी.

परीक्षक कांचेबाई आल्या. नियम कडक होता: विद्यार्थिनीनं गप्प राहायचं, ज्याची खोली त्यानं वापरून दाखवायची. त्याला अडचण आली की विद्यार्थिनी नापास.

मी पुस्तक घेऊन पुढे झालो. झुल्याची कड माझ्या कमरेशी! इत्सेलचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. मी पाठ फिरवली, उडी मारली आणि उताण्या कासवासारखा आत पडलो. पाय वर, पुस्तक नाकावर.

"नेहमी असेच बसता?" बाईंनी विचारलं.

"नेहमी," मी पुस्तकाखालून म्हणालो.

"आणि उतरता कसे?"

हा प्रश्न मलाही पडला होता. "उतरावंसं वाटतच नाही, बाई."

बाई विरघळल्या. "असं समाधान मी कुठल्याच खोलीत पाहिलं नाही," म्हणाल्या. इत्सेल पास झाली, तीही वर्गात पहिली. मग इत्सेल, बाई आणि निकाल ऐकायला आलेल्या ओतिलियाबाई, सगळ्याजणी स्वयंपाकघरात पानुचो खायला गेल्या. तळणीचा वास माझ्यापर्यंत येत होता. पण हाक मारायची म्हणजे चारचौघांत ओरडायचं. ते मला कधी जमलं नाही.

बऱ्याच वेळानं इत्सेल परतली.

"आजोबा, मला वाटलं माझं मापच चुकलं. उंच होत असेल तर आकडे खाली घेते हं."

तिचे डोळे आनंदानं भरून आले होते.

"खबरदार हात लावलास तर," मी म्हणालो.

तेव्हापासून दुपारी मी झुल्याखाली, फरशीवर झोपतो. फरशी छान गार असते. तीही इत्सेलनंच निवडलीय.