नाना लिमयांची कॅनडाची नात

नाना लिमये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं राहिले, पण आपण वाघोलीत राहतो हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. "सध्या मुक्काम इथं आहे," एवढंच म्हणायचे. शनिवार पेठेतल्या जुन्या मित्रांना भेटायला निघाले की वॉचमनला सांगून जात, "पुण्याला जाऊन येतो." वाघोलीहून पुण्याला जायला जणू भुसावळला गाडी बदलावी लागते.

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की नाना त्याला जिन्यात गाठायचे. "आपण मूळचे कुठले?" पुण्याचा, असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न तयार असे, "पुण्याचे म्हणजे?" समोरचा बिचारा हडपसर म्हणायचा. "हां, म्हणजे सोलापूर रोडचे," असं म्हणून नाना त्याचा निकाल लावत. मी अकोल्याचा. पहिल्याच भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे मराठीच बोलतात ना?" मी हो म्हटलं. "छान. जपा," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

लोक त्यांना परखड म्हणत. माझ्या मते माणूस सरळसरळ तुसडा होता. फक्त शुद्ध बोलायचा, म्हणून खपून जायचं.

त्यांचा मुलगा अभिजित सॉफ्टवेअरवाला. कंपन्या विमानं भरभरून पोरं नेत होत्या त्या काळात तो कॅनडाला गेला, तिथंच राहिला, तिथलं नागरिकत्व घेतलं. आईवडिलांसाठी वाघोलीतला हा फ्लॅट त्यानेच घेतला होता, लिफ्ट आहे म्हणून. कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर नाना सांगत, "तो विषय आता परराष्ट्र खात्याकडे आहे."

लिमयेकाकू होत्या तोवर या तोंडावर झाकण असायचं. नाना कुणाला तरी काही बोलले की काकू मागून येऊन त्या माणसाच्या हातावर लाडू ठेवायच्या. काकू गेल्या आणि सोसायटीला नुसतेच नाना उरले.

एक गोष्ट मात्र खरी. उमेदीच्या वयात नाना फुटबॉलचे पंच होते. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून रविवारी मैदानात शिट्टी फुंकत धावायचे. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि नियमात न बसणारी माणसं त्यांना डोळ्यांसमोर नको असत. अशी माणसं त्यांना रोज, जिकडेतिकडे दिसत.

अशा घरात एका जूनमध्ये अभिजितची मुलगी सई दोन प्रचंड बॅगा घेऊन आणि पायात फुटबॉलचे बूट घालून राहायला आली. अठरा वर्षांची, तरतरीत, उंच. तिचं मराठी आमच्या सोसायटीतल्या पोरांपेक्षा चांगलं होतं. आईबाप देश सोडून गेले तेव्हाचं मराठी, बरणीत घालून ठेवल्यासारखं जसंच्या तसं. ती लिफ्टला "उद्वाहक" म्हणत नव्हती इतकंच.

ती का आली आहे ते नानांनीच मला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा की दुधात माशी पडली आहे. पोरगी तिथं चांगली फुटबॉल खेळत होती. आता तिला भारताच्या संघातून खेळायचं होतं. पण त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी भारतीयांना मिळतं ते कार्ड चालत नाही. आणि दोन देशांचे पासपोर्ट आपलं सरकार ठेवू देत नाही. म्हणजे आधी वर्षभर इथं राहायचं, मग कॅनडाचं नागरिकत्व सोडायचं आणि इथलं मागायचं.

"अहो, मग अभिमानाची गोष्ट आहे ही!" मी म्हणालो.

"कसला अभिमान, वानखडे? तिथं घेईनात म्हणून इथं आली. आपण काय रद्दीचं दुकान आहोत? त्यांना नको ते आपल्याकडे वजनावर?"

हे वाक्य दार उघडं ठेवून बोलले. सई आत पोळी खात होती. तिने मान वर केली नाही.

वर्षभर त्यांनी तिला हेच ऐकवलं. खराडीच्या बाजूला एका मैदानावर मुलींच्या क्लबचा सराव चाले, तिथं ती जायची. नाना रोज तिच्यासोबत. पायरीवर रुमाल अंथरून बसत आणि तिथून शेरे मारत. "सई, चेंडू समोर आहे, टोरंटोत नाही." "पास दिलास की दान केलास?" क्लबच्या कोच मेघनाताई पहिल्या आठवड्यात हसल्या, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नानांना पायरी बदलायला सांगितली. नाना बदलले नाहीत. पंचाला कुणी उठवू शकत नाही, म्हणाले.

सई एवढंच म्हणायची, "नाना, तुम्ही शांत बसायचं काय घ्याल?"

"तू गोल केलास तर विचार करीन."

ती गोल करायची. ते विचार करत नसत.

पण मी समोर राहतो, मला काही गोष्टी दिसत होत्या. नानांच्या घरातून सकाळी आता दोन माणसांचा आवाज यायचा. भांडणाचाच, पण दोन माणसांचा. काकू गेल्यापासून बंद असलेली बाल्कनी उघडली. दोरीवर मोजे वाळायला लागले. नाना दाढी रोज करू लागले. माझी बायको सुनीता म्हणाली, "म्हातारा सुधारला." मी म्हणालो, सुधारला नाही, त्याला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं आहे.

वर्ष भरायला महिनाभर उरला असेल. एका शनिवारी नानांनी माझं दार वाजवलं. "वानखडे, आपली गाडी शनिवारी उभीच असते." ही त्यांची विनंती. रिक्षावाल्यांचा संप होता. मी दोघांना मैदानावर नेलं आणि सराव संपेपर्यंत थांबलो.

निघताना मेघनाताई नानांपाशी आल्या. "आजोबा, हिला जरा समजवा. कॅनडाच्या संघाच्या शिबिराचं पुन्हा बोलावणं आलंय. ही नाही म्हणते."

"पुन्हा म्हणजे?" नाना म्हणाले.

"गेल्या वर्षीही निवड झाली होती ना. ती सोडूनच तर ही इकडे आली. तुम्हाला ठाऊक नाही?"

नाना गाडीत पुढे बसले. मागे सई. नगर रोडवर नेहमीप्रमाणे सगळं थांबलेलं होतं, एक ट्रक बंद पडला होता. मी इंजिन बंद केलं.

मग नाना मागे न वळता म्हणाले, "तिथं घेत होते तुला?"

"हो."

"मी वर्षभर तुला काय म्हणतोय?"

"रद्दी," सई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला पहिल्याच विमानाने परत पाठवलं असतं."

"का आलीस?"

सई खिडकीबाहेर बघत होती. "आजी गेल्यावर तुम्ही फोनवर दर रविवारी सांगायचात, माझं उत्तम चाललंय. बाबांना ते पटायचं. मला नाही पटायचं. नुसती राहायला येते म्हटलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं? मग हा नियम कळला. भारताकडून खेळायचं तर वर्षभर भारतात राहावंच लागतं. म्हटलं, नियम आहे म्हटल्यावर नाना नाही म्हणणार नाहीत."

मी आरशात बघायचं टाळलं. समोरच्या टेम्पोच्या मागचं सगळं वाचून काढलं.

"देशासाठी आली असशील तर राहा," नाना म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "म्हाताऱ्यासाठी आली असशील तर ते नियमात बसत नाही."

"आणि दोन्हींसाठी आले असले तर?"

"दोन्ही चालत नाही. सरकारचं तेच तर म्हणणं आहे."

"नाना, मला इथं आवडतं. खरंच खेळायचं आहे इथून."

"आवडतं ते कळतं. पण माझं काही झालं की त्यानंतरही आवडेल का, ते तुला आज कळतं का?"

ट्रक हलला, मी गाडी सुरू केली.

पुढचे आठ-दहा दिवस समोरच्या घरात खरं भांडण झालं, दारं आपटण्याचं. सई रडली, अभिजितचे फोन आले, मेघनाताई येऊन गेल्या. नाना हटले नाहीत. शेवटी तिने शिबिराला होकार कळवला. ती गेली त्या दिवशी नाना विमानतळावर गेले नाहीत, जिन्यातूनच म्हणाले, "पोचलीस की कळव. पोचली नाहीस तरी कळव." सई रडतारडता हसली.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या घरात गेलो आणि स्पष्ट बोललो. "नाना, ती आपणहून राहत होती. एवढा ताठा कशासाठी?"

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. स्वतः मात्र बसले. "वानखडे, माझे दिवस किती राहिलेत? मग ही पोर इथं, आईबाप तिथं, हातातला पासपोर्ट गेलेला. आणि कशापायी? एका माणसाला संध्याकाळी सोबत हवी होती म्हणून? एवढ्यासाठी कुणी देश बदलतं का?" मग म्हणाले, "मागितलं तर देईल ती. म्हणूनच मागायचं नाही."

त्यानंतर त्यांचा आवाज आमच्या मजल्यावर फारसा ऐकू आला नाही. नवं बिऱ्हाड आलं, नानांनी त्यांना काही विचारलं नाही. मला चक्क काळजी वाटली.

पावसाळा संपताना सईची कॅनडाच्या वीस वर्षांखालच्या संघात निवड झाली. पहिला सामना युरोपात कुठेतरी होता, त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळच होती. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि नानांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या सामन्यात सई शेवटची थोडीच मिनिटं खेळली, एक पास सुरेख दिला आणि एक वाया घालवला. पण मला आठवतं ते सामना सुरू होण्याआधीचं.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला. सई त्यात नव्हती, ती राखीव होती. कॅनडाचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि नाना सोफ्याचा हात धरून उठायला लागले. गुडघा त्रास देत होता. सुनीता आधार द्यायला पुढे झाली, त्यांनी नको म्हणून हात केला.

"बसा हो नाना," मी म्हणालो. "आपलं नाही ते."

"ती बाहेर उभी असेल."

ते हात सरळ खाली ठेवून उभे राहिले. मग मीही उठलो, सुनीताही. वाघोलीतल्या आमच्या हॉलमध्ये आम्ही तिघं दुसऱ्याच देशाच्या गीतासाठी उभे होतो. गीत संपलं, खेळाडू पांगले, पंचाने नाणं काढलं. आम्ही दोघं बसलो. नाना तसेच.

"नाना, झालं. बसा आता."

"सई बसली का?"

मी पडद्याकडे नीट पाहिलं. "दिसत नाही हो इथून."

"मग राहू दे," नाना म्हणाले.