रुक्मीचा पिवळा पट्टा

"मॅडम, जरा माझा हात धरा," असं कौसाबाई म्हणाल्या की मी आधी चहाचा कप खाली ठेवायची. हात धरला की त्या मनगट असं काही फिरवायच्या, की माझी बोटं आपोआप सुटायची. मग बाद फॉर्मच्या पाठीवर लिहून घ्यायच्या, 'अंगठ्याकडून सुटतं. बराबर.'

कचेरीत कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस. कौसाबाई आमच्या हिंगोलीच्या कचेरीत शिपाई. शाळा सातवीपर्यंत. आणि त्या कराटेवर कादंबरी लिहीत होत्या! नायिका रुक्मी, साखरा गावची, मेंढरं राखणारी, पंधरा वर्षांची. कचेरीमागच्या मैदानात कराटेचा क्लास चाले. तो रेकॉर्डरूमच्या खिडकीतून बघून बाई रुक्मीला शिकवायच्या. साडीत लाथ किती उंच जाते हे बघताना एकदा त्यांनी फायलींचे गठ्ठे माझ्यावर पाडले. आठवडाभर माझी मान तिरकी. "लिखाणात तकलीफ होतेच," त्यांनी मलाच समजावलं.

पुढे क्लासचे सर गाव सोडून गेले आणि रुक्मी पिवळ्या पट्ट्यावर अडकली. चार वर्षं पंधराचीच.

"अहो, मोठी करा की पोरीला."

"घाई काहून करून राहिल्या?"

एका संध्याकाळी आम्ही दोघी स्टँडवर कनेरगाव नाक्याच्या गाडीची वाट बघत होतो. माझी कंबर धरलेली, डोळे मिटत होते. बाईंनी न विचारता कागद पुढे केले. वाचलं. रुक्मीचा बाप मैदानात येतो, म्हणतो, चल घरी, पाहुणे बघायला आलेत. पुढं कोरं.

"मग? लढते का बापाशी?"

"कोणाशी लढन? बापानं हात बी न्हाई लावला. नुसतं चल म्हणला." बाई खाली बघत बोलत होत्या. "मी दप्तर उचललं अन् निघाले त्याच्या मागं. तवा काईच सुचलं न्हाई. आता हिला काय बोलायला लावू, ते बी सुचून न्हाई राहिलं."

मी खूप दमले होते. जे तोंडात आलं ते बोलले. "म्हणू द्या तिला, मी न्हाई येत."

बाईंनी पेन काढून तेवढं लिहिलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

"एवढंच म्हणायचं व्हतं व्हय?"

गाडी लागली. गर्दी उठली. बाई कागदाकडेच बघत होत्या. मी दोघींच्या पिशव्या उचलल्या आणि जागा धरायला पळाले.