सावरगोंदीचा तलाव आणि इयत्ता चौथी

सरकारी इमारत आधी कागदावर पक्की व्हावी लागते. जमिनीवर ती अर्धी राहिली किंवा अजिबातच राहून गेली तरी राज्याचा कारभार अडत नाही. पण कागदावरची एक वीट हलली तर आदिलाबादेपासून हैदराबादेपर्यंत सगळ्यांची झोप उडते. हे तत्त्व ज्यांना कळत नाही ते सरकारला नावं ठेवत बसतात. सावरगोंदीच्या भिवाजी मास्तरांनी सरकारला कधीच नावं ठेवली नाहीत. (त्यांना अर्ज लिहिण्यातून तेवढी फुरसत मिळाली नाही.)

सावरगोंदी हे पेनगंगेच्या अलीकडचं, म्हणजे आदिलाबादच्या बाजूचं, कापूस-ज्वारीचं गाव. पलीकडं महाराष्ट्र. गावाची भाषा मराठी, साहेबांची तेलुगू आणि तहसिलीतल्या दरखास्तीची जुनी निजामी उर्दू. त्यामुळं कोणाचं म्हणणं कोणाला पुरतं कळून भांडण पेटण्याचा धोका नव्हता. शाळा माणिकराव पाटलांच्या गोठ्यात भरायची. मास्तर एक, वर्ग चार, मुलं चाळीस. सकाळी बैल वावरात गेले की शाळा भरे, बैल परतले की सुटे, आणि झडीच्या दिवसांत बैल घरीच थांबले की शाळेला सुट्टी. वर्षातून किमान दोनशे वीस दिवस शाळा भरावी असं खात्याने ठरवलं होतं. बैलांनी एकशे चाळीस ठरवले होते.

मास्तरांचे वडील याच गोठ्यात शेण काढायचे. मास्तर त्याच गोठ्यात पाढे शिकवायचे. एका पिढीत घराण्याने एवढी मजल मारावी, आणि तीही जागा न बदलता, हे फार थोड्या देशांत घडत असेल.

गोठ्यातल्या शाळेला चौथीपर्यंतच परवानगी होती. पाचवी उघडायची तर शाळेला स्वतःची इमारत पाहिजे, असा नियम. सगळ्यात जवळची पाचवी तीन कोसांवर, मधे दोन नाले. मुलगे जात. मुली चौथी झाल्या की कापूस वेचायला जात आणि पुढं त्यांचं काय व्हायचं ते होई. सत्त्याऐंशी साली चौथीत रेणुकाबाईची बयना होती (वय वर्षे नऊ). मास्तरांचं गणित फळ्यावर लिहून संपायच्या आधी तिचं उत्तर तयार असे, आणि मास्तरांचं कधी चुकलंच तर ती घसा खाकरत असे.

त्याच साली उन्हाळ्यात शाळेसाठी दोन खोल्या मंजूर झाल्या. योजना उदार होती. नव्वद टक्के सरकार देणार, दहा टक्के वाटा गावाने द्यायचा, आणि गावाकडं पैसे नसल्यास पाया खोदून द्यायचा. इंजिनिअर साहेब जीपमधून आले, गावठाणाच्या कडेला, गोठ्यासमोरच, त्यांनी चाळीस बाय चोवीस फुटांचा चौकोन चुन्याने आखला, "पाया खोदून ठेवा" असं हिंदीत सांगितलं आणि मेहुण्याच्या लग्नाला निघून गेले.

आता पाया भिंतीखाली खोदतात, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सावरगोंदीने आजवर विहिरीशिवाय काही खोदलेलं नव्हतं. घरं कुडाची, त्यांना पाया कसला? आणि विहिरीचा रिवाज असा, की आखणीच्या आतली माती सगळी बाहेर काढायची आणि मुरूम लागेपर्यंत थांबायचं नाही. रामाजी म्हणजे पंचक्रोशीत चाळीस विहिरी खणलेला माणूस. तो काठावर उकिडवा बसून, मूठभर काळी माती दाखवत सांगू लागला, "काया मातीवर भित उभी राहत नाई, मास्तर. मुरूम लागू द्या. सरकारी काम हाय, कच्चं नोको."

वरच्या आळीने एक दिवस खोदलं, बौद्ध वस्तीने दुसऱ्या दिवशी. वरच्या आळीने एक फूट काढला की वस्ती सव्वा फूट काढी. मग वरची आळी चिडून दीड फूट काढी. एवढी एकी गावात पूर्वी दिसली नव्हती. मास्तर स्वतः टोपली वाहत होते. अकराव्या फुटाला मुरूम लागला, रामाजीने नारळ फोडला आणि सगळे जण काठावर उभे राहून आपण खोदलेल्या शाळेकडं कौतुकाने बघत राहिले.

मग पाऊस आला.

साहेब लग्न आटोपून (बदली, ती रद्द होणं आणि वैद्यकीय रजा धरून) दहा महिन्यांनी, माघात परतले. खड्ड्यात तेव्हा कंबरभर पाणी होतं. साहेबांनी मापं घेतली आणि तीनदा गुणाकार केला, तर उत्तरं तीन आली. गोठ्याच्या दारातून बयना म्हणाली, "धा हजार पाचशे साठ घनफूट." साहेबांनी तोच आकडा मापवहीत लिहून सही केली. (हजेरीपटावर बयना त्या दिवशी गैरहजर आहे.)

याचा खुलासा करणं भाग आहे. त्या काळी खालच्या वर्गांत नापास करायची सोय नव्हती. हजेरी भरली की मूल आपोआप वरच्या वर्गात जाई. कमी भरली तरच मागं राही. दिवाळीपर्यंत इमारत येत नाही असं दिसल्यावर मास्तरांनी बयनाच्या नावापुढं रोज गैरहजेरी मांडायला सुरुवात केली होती. कोणीतरी ही बातमी रेणुकाबाईच्या कानावर घातली. ती कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊनच गोठ्यात आली.

"मास्तर, लेकरू रोज येऊन राह्यलं, आन् तुमी गैरहजर काऊन लिवून राह्यले?"

"रोज येते मनूनच," मास्तर म्हणाले. "हजर लिवलं तं चौथी होते. चौथी झाली मंग तू तिले कुठं धाडशीन?"

रेणुकाबाईने गाठोडं खाली ठेवलं. "वावरात. आन् दोन वर्सानं नवऱ्याच्या घरी."

"मंग? एक साल थांब. इमारत येऊन राह्यली."

तिने खड्ड्याकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं आणि गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं.

साहेबांचा अहवाल उन्हाळ्यात आला. गावाने दहा टक्के काम करायचं होतं. मापवहीप्रमाणे ते एकशे दहा टक्के झालं होतं. सबब सरकारचा वाटा उणे दहा टक्के ठरत असून, उणे वाटा देण्याची तरतूद नसल्याने काम थांबवण्यात येत आहे. गावाच्या उत्साहाबद्दल शेवटी अभिनंदन होतं. मास्तरांनी अर्ज केला, की अभिनंदन पोचलं, खोल्या याव्यात.

अर्ज फिरत असताना तळ्यांची गणना करणारे लोक आले. (गावात खात्यांना कामावरून ओळखत, यांचं नाव तळेवाले पडलं.) त्यांना तालुक्यात तीन तळी कमी पडत होती. सावरगोंदीत त्यांना चाळीस बाय चोवीसचं, कोपरे काटकोनात असलेलं, अकरा फूट खोल आणि सरकारी मापवहीत नोंदलेलं पाणी सापडलं. त्यांनी ते तेलुगूत 'चेरुवू' म्हणून चढवलं, काठावर दगड रोवला आणि दगडाला निळा रंग दिला. एकोणनव्वद साली सावरगोंदीला तलाव झाला. (चौथीत बयना.)

मास्तरांच्या अर्जाला उत्तर आलं ते यानंतर. तलावाच्या पोटात शाळा बांधता येत नाही. मास्तरांनी लिहिलं, मग दुसऱ्या जागेवर बांधा. उत्तर आलं, जागा बदलायची तर मूळ जागा रिकामी असल्याचा दाखला जोडा. मूळ जागेत तलाव असल्याने ती रिकामी नव्हती. यात चूक काढायला जागा नाही. मास्तरांनी ते पत्र चार वेळा वाचून पाहिलं.

मग त्यांनी खड्डा बुजवायचं ठरवलं. ज्यांनी खोदला तेच लोक टोपल्या घेऊन आले. या वेळी चढाओढ नव्हती. सगळे एकाच दिवशी आले होते. दुपारपर्यंत सहा इंच बुजला आणि तिसऱ्या दिवशी नोटीस आली, की सार्वजनिक जलसाठा बुजवणं हा गुन्हा असून टाकलेली माती आठ दिवसांत काढावी. माती काढताना रामाजीला शिस्त राहिली नाही आणि खड्डा अकराचा साडेअकरा फूट झाला.

नव्वद साली मासेवाले आले. त्यांनी दोन हजार मासोळ्या सोडल्या, म्हणजे पटावरच्या प्रत्येक मुलामागं पन्नास. माशांना सरकारी जागा होती, तीही पाण्याची. मुलं काठावर बसून कितीतरी वेळ बघत राहायची. बयनाने मास्तरांना विचारलं, "मास्तर, मासे कितवीत हायेत?" मास्तरांनी त्या दिवशी शाळा लवकर सोडली. (बैल अजून परतले नव्हते.)

मासे आले म्हणजे चोर येणार, चोर आले म्हणजे राखणदार पाहिजे, आणि राखणदाराला छप्पर पाहिजे. एक्क्याण्णव साली 'तलाव राखण गृह' मंजूर झालं. नकाशा करणाऱ्या बाबूने कपाटातून सावरगोंदीची जुनी फाइल काढली आणि शाळेचाच नकाशा उचलला: दोन खोल्या, पुढं पडवी, भिंतीत फळ्याची जागा. फळ्यावर माशांची रोजची संख्या लिहिता येईल, असा शेरा मारून वरच्या साहेबांनीही तो पास केला. या योजनेत गावाचा वाटा नव्हता. गावाचा वाटा नसल्यामुळं काम भराभर झालं.

ठेकेदार आदिलाबादचा होता. त्याने पाया भिंतीखालीच खोदला, तीन फूट. खोदलेली माती, फुटके दगड आणि विटांचे तुकडे टाकायला जवळ मोकळी जागा नव्हती. खड्डा मात्र होता. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात इमारत पुरी झाली तेव्हा राखायचा तलाव जमिनीच्या पातळीला आला होता. दप्तरी तो अजून अकरा फूट आहे. मासे गावाने खाल्ले. चांगले होते असं म्हणतात. दारं-खिडक्या पुढच्या हप्त्यात बसणार होत्या. तलाव नसल्याने राखणदार नेमला नाही, आणि राखणदाराने पाणी आटल्याचं कळवलं नसल्याने तलाव नोंदीतून काढला नाही.

मास्तर त्या रिकाम्या खोल्यांत दोन दिवस शाळा घेऊन आले. भिंतीतल्या फळ्याच्या जागेवर त्यांनी हाताने काजळी फासली. आपल्या आयुष्यात असा फळा लाभेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. एका खात्याच्या इमारतीत दुसऱ्या खात्याची मुलं बसवता येत नाहीत.

त्याच पावसाळ्यात माणिकरावांचा गोठा गळू लागला. त्यांनी बैल नेऊन राखण गृहात बांधले. मास्तरांनी नियम पुन्हा वाचला. त्यात बैलांचा उल्लेख नव्हता.

"मास्तर, रागाऊ नोका," माणिकराव ओशाळून म्हणाले. "आता गोठा पुरा तुमचा. बैल नाई, शेण नाई. छपराचे कवेलू मी फेरून देतो."

अशा रीतीने शासनाचा निधी अखेर शाळेच्या कामी आला. बैलांना पक्की इमारत मिळाली आणि गोठा शाळेला सुटला. मास्तरांनी दारावर पाटी लावली, 'सरकारी प्राथमिक शाळेची स्वतंत्र इमारत', आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी आत एकही बैल न दिसल्यामुळं तसा दाखला दिला. त्र्याण्णवच्या जूनपासून पाचवी मंजूर झाली. पत्र वैशाखाच्या शेवटी आलं. मास्तर ते घेऊन रेणुकाबाईच्या घराकडं अक्षरशः पळत गेले. दारात मांडवाच्या बल्ल्या सोडत होते.

रेणुकाबाई म्हणाली, "सहा पावसाळे थांबलो, मास्तर. इमारत झाली तं बैलाईसाठी. पोरीले अजून किती दिवस गैरहजर ठेवाव?"

मास्तर परत आले, आणि गोठ्यात बैलही नव्हते म्हणून मोठ्याने रडले.

जूनच्या पहिल्या सोमवारी पाचवीचा वर्ग भरला. मास्तरांनी हजेरीपटावर पहिलं नाव बयनाचं लिहिलं होतं. त्यांनी ते पुकारलं, थोडा वेळ दाराकडं पाहिलं आणि नावापुढं गैरहजेरी मांडली. सहा वर्षांतली ती पहिली खरी नोंद होती.

वाचकांचं लक्ष चांगलं असतं. खड्डा किती बाय किती होता, मासे किती सोडले, तलाव अजून किती फूट आहे, हे त्यांना पुस्तक मिटूनही सांगता येईल. नदीपलीकडं नांदायला गेली तेव्हा बयनाचं वय काय होतं, हे विचारलं तर बहुतेकांना मागं जाऊन हिशेब करावा लागेल. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ते कंसात होतं.