रास मिल्हच्या वाळूवर गवताने केलेल्या स्वारीची हकीकत

आखाती मुलखात रास मिल्ह म्हणोन तेलाचे गाव आहे, तेथे धंदेवाईक गोल्फवीरांच्या चषकाची मोहीम दरसाल होते. तिची तेविसावे सालची हकीकत जैसी घडली तैसी, कोणाची भीडमुरवत न धरता लिहिली असे. मुलांनी सावकाश वाचावी, न उमजल्यास पुन्हा वाचावी, आणि हसू आल्यास क्लबाच्या अध्यक्षांची पाठ फिरेतो दाबून धरावे.

मूळ ऐसे की, तेल काढावयास आलेल्या साहेबलोकांस गोल्फावाचून करमेना, आणि मुलखात गवताची काडी नाही. मग त्यांनी वाळूवरच मैदान आखिले, आणि खळग्याभोवती हिरवळ असावी तेथे वाळूत तेल कालवून तपकिरी गोल दाबून बसविले, आणि चेंडू वाळूत रुततो म्हणोन दर खेळाडूने हातभर खोट्या गवताची चटई बाळगावी, तीवर चेंडू ठेवून मारावा, ऐसा कायदा केला. साहेब गेले, कायदा राहिला, आणि पुढे चषक सुरू जाहला. बावीस साले देशोदेशींचे वीर आले आणि दातांत वाळू घेऊन परतले. त्यांत नऊ वेळा चषक अबू दुऐज यांनी राखिला, जे मैदानाचे उस्ताद आणि तपकिरी गोल आपल्या हातांनी लिंपणारे.

मग अध्यक्षपदी जनाब फवाझ अल-रुवैली आले. हे परदेशी हिरवी मैदाने पाहून आले होते आणि तेव्हापासून बापजाद्यांच्या वाळूस नाक मुरडीत होते. त्यांचा हुकूम जाहला की, मैदानभर गवत पेरावे, गोडे पाणी टँकरांनी शिंपावे, चटई गावंढळ आहे, सबब गवतावर जो ती मांडील त्यास दोन फटक्यांचा दंड व्हावा, म्हणजे दोन फटके त्याच्या नावे जास्त धरावे, कारण या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो. तपकिरी गोलांपुरते पाणी उरले नाही, म्हणोन ते तूर्त राहिले. परंतु यंदा चषक परदेशी वीराने नेल्यास अठराही गोल खणून टाकावे, ऐसे ठरले.

चषकास निघतेसमयी उम्म दुऐज यांनी नवऱ्यास, म्हणजे उस्तादांस, बजाविले, "अहो, ती चटई घरीच ठेवा. सवयीनं मांडाल."

"तीस वर्षं खांद्याला आहे. काढली तर वाकडा चालेन मी."

"मग चाला वाकडे! हरण्यापेक्षा बरं."

ऐकिले नाही. आणि पहिले दिवशी चौथ्या खळग्यास, चेंडू मऊ गवतावर सुखाने बसला असता, उस्तादांनी त्याखाली चटई सारिली आणि सणसणीत फटका मारिला, आणि मग काय केले ते त्यांचे त्यांस कळले.

अध्यक्ष छत्रीखालून ओरडले, "अबू दुऐज, गवताला गादी घालताय होय? निजायचंय का?"

"निजतो कुठला साहेब, तुमच्या टँकरांचा केवढा गोंगाट!"

दंड बसला तो बसलाच. सांजेस स्कॉटलंडचे हेक्टर मकस्विन दोन फटक्यांनी पुढे राहिले.

दुसरे दिवशी पहाटेस वायव्येचा शमाल वारा सुटला आणि दुपारपर्यंत वाळवंटाने आपला मुलूख परत घेतला. लाखो घागरी पाणी पिऊन वाढलेले गवत टाचभर वाळूखाली गडप जाहले. वारा पडताच पंचांनी निवाडा दिला की, गवत दिसेना तेथे जुना कायदा चालेल, चेंडू चटईवरूनच मारावा.

मकस्विन म्हणाले, "चटई? माझ्याकडे तर पायपुसणंसुद्धा नाही!"

पाहुण्यांची अब्रू जाते हे पाहोन अध्यक्षांनी हुकूम दिला की, बक्षीस समारंभाचा लाल गालिचा कापून वाटावा. आणि मुदपाकखान्यातील कात्री घेऊन खासा गुडघ्यांवर बसून कापिला. परंतु गालिचा उंची, लव बोटभर. मकस्विनांची काठी तीत अडकली आणि चेंडू दहा पावले गेला, गालिचा चाळीस. ऐशा रीतीने आघाडी सरली. शेवटल्या तपकिरी गोलावर दोघे बरोबरीने आले, आणि तेलकट वाळूवर चेंडू किती मंद चालतो हे घाईत विसरून मकस्विनांनी तीन फटके घेतले. अबू दुऐज यांनी दोन घेतले.

तोच अध्यक्ष बुटांसह गोलावर चढले, चषकास हात घातला, आणि छायाचित्रकारांस सांगू लागले की शमालचा अंदाज त्यांस आधीच होता.

अबू दुऐज यांनी वाळू सारखी करावयाचे ओढपोते त्यांजपुढे धरिले. "साहेब, चषक मी धरतो. तुम्ही हे धरा."

"मी? अध्यक्ष आहे मी!"

"पावलं तुमचीच ना? मग पुसा. मधून बाहेर, गोल गोल. घाई नाही."

अध्यक्षांनी पंचांकडे पाहिले. पंचांनी कायद्याचे पुस्तक उघडून पान दाखविले की, गोलावर ज्याची पावले, त्यानेच ती पुसावी. मग जनाबांनी पोते ओढिले, आणि पांढरा झगा गुडघ्यापर्यंत तेलाने माखला.

येणेप्रमाणे शाबान महिन्यात, गुरुवारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरीच्या, नमाजानंतर फत्ते जाहली. तपकिरी गोल अठरा, सर्व कायम. अखेरच्या गोलावर एक टाच उमटलेली राहिली होती, ती अध्यक्षांस परत बोलावून पुसून घेतली.